तुराट्यांचा कोळसा आणि कॅन क्रमांक तीन

11 मार्च 2024

जुनी वही भरली. शिवाय तिच्या शेवटच्या पानांवर कोबाल्ट क्लोराइड सांडून ती गुलाबी झाली आहेत, वाचताना डोळे दुखतात. म्हणून आजपासून नवी.

नांदेडच्या आमच्या कॉलेजातलं काम तेच. तुराट्यांच्या कोळशावर कोबाल्ट बसवायचा, तो सोडियम बोरोहायड्राइडच्या (पाण्याशी गाठ पडली की हायड्रोजन सोडणारा पदार्थ) द्रावणात उत्प्रेरक म्हणून टाकायचा आणि किती हायड्रोजन किती वेळात सुटतो ते मोजायचं. त्याच कोळशावर ॲल्युमिनियम बसवून बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड ओढता येतं का, हा दुसरा धागा. पहिलं काम पीएच.डी.च्या विद्यार्थ्याकडे, दुसरं एम.एस्सी.च्या मुलीकडे. तो मुखेडचा, ती देगलूरकडची. वहीत दोघांना मी गावावरूनच लिहीत आले आहे, तसंच चालू ठेवते.

तुराट्या मुखेडच्या बांधावरच्या. तूर झोडपून झाली की त्या बांधाला पडून राहतात, चुलीला नाहीतर कुडाला जातात. अंगठ्याएवढे तुकडे करून झाकणाच्या मुशीत दाबून भरले, भट्टीत 500 अंशाला दोन तास. 40 ग्रॅम घातल्या, 12 ग्रॅम कोळसा निघाला. मोडला की टक्‌ वाजतो आणि बोटाला फारसं काळं लागत नाही, म्हणजे नीट भाजलाय. कच्चा राहिला की धुराचा वास येतो आणि बोट चिकट होतं.

मग धुणं. राखेत पोटॅशियमचे क्षार, त्यामुळे पहिल्या धुण्याचा पीएच 10.2. सातव्या धुण्याला 7.6 वर आला. 12 ग्रॅम कोळसा धुवायला 3 लिटर डिस्टिल्ड पाणी गेलं. हा आकडा मुद्दाम लिहून ठेवते.

14 मार्च

कोळसा रात्रभर कोबाल्टच्या गुलाबी द्रावणात होता. सकाळी चंचुपात्र बर्फात ठेवून बोरोहायड्राइड थेंब थेंब सोडलं. पहिल्या थेंबाला गुलाबीत एक काळी रेघ उठते, ढवळली की विरते. पाचव्या-सहाव्या थेंबानंतर विरत नाही. मग एकदम फेस येतो आणि सगळं शाईसारखं काळं. हे कोबाल्ट बोराइड. कितीदा पाहिलं तरी या क्षणी मुलं पात्राभोवती गोळा होतात, आणि मीही त्यांच्यात असते.

वाळवताना हवा लागू द्यायची नाही. गेल्या वर्षी गाळणकागदावर ठेवून सगळे चहाला गेलो, परत आलो तर कागदाला तपकिरी कडेचं भोक. बारीक ताजी भुकटी हवेतल्या ऑक्सिजननं स्वतःच तापते.

21 मार्च

पहाटे सहाच्या सुमारास भूकंपाचे धक्के. केंद्र हिंगोलीकडे, पण नांदेडातही खाटा हलल्या. लगेच येऊन प्रयोगशाळा पाहिली. ब्युरेटी जागेवर, आम्लाच्या बाटल्या जागेवर. परिचर मामा माझ्या आधी येऊन बसले होते. म्हणाले, "कपाटाला दोरी बांधलो मॅडम, तुम्ही सांगायच्या आधीच."

18 एप्रिल

आज हायड्रोजन 110 टक्के निघाला.

मुखेडचा तीन दिवस तोंड पाडून फिरत होता, आज वही समोर टाकली. 0.1 ग्रॅम बोरोहायड्राइड, 20 मिली पाणी, थोडा कॉस्टिक सोडा, चिमूटभर उत्प्रेरक. वायू रबरी नळीनं पाण्याच्या टबात उलट्या ठेवलेल्या 500 मिलीच्या मोजपात्रात. आतली-बाहेरची पातळी सारखी करून वाचन 298 मिली. तीन वेळा केलं, तीनदा तेवढंच. हिशोबानं 270 मिलीच्या वर यायलाच नको. त्यानं वजनकाटा तपासला, मोजपात्र बदललं, रसायनाची बाटलीसुद्धा दुसरी उघडली.

हिशोब पाहिला. 0.1 ग्रॅम म्हणजे 2.64 मिलिमोल (मोल हे रेणू मोजायचं एकक), एका रेणूमागे हायड्रोजनचे चार, म्हणजे 10.57 मिलिमोल. तापमान त्यानं बरोबर 38 अंश धरलं होतं (खोलीचं, पंखा बंद करून, हायड्रोजन सुटत असताना आम्ही खिडक्या उघड्या ठेवतो आणि विजेची बटणं दाबत नाही, कारण हवेत चार टक्के झाला तरी तो पेट घेतो). पण दाब धरला पाऱ्याचा 760 मिलिमीटर.

"हा दाब कुठला?"

"वातावरणाचा, मॅडम."

"कुठल्या गावच्या वातावरणाचा?"

गप्प. मग मोबाइल काढून हवामानाचं ॲप दाखवलं, त्यातही साधारण तेवढाच आकडा. ते ॲप समुद्रसपाटीला आणून दाखवतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही भौतिकशास्त्र विभागात गेलो. तिथला फॉर्टिनचा बॅरोमीटर, पारा हलतो एवढीच त्याची ओळख उरलेली. दुरुस्ती धरून वाचन 723 मिलिमीटर. नांदेड समुद्रापासून साडेतीनशे मीटरहून वर आहे, हवा तेवढी विरळ.

दुसरी गोष्ट, वायू पाण्यावर गोळा केला की पाण्याची वाफही त्यात शिरते. 38 अंशाला वाफेचा दाब 50 मिलिमीटर. पुस्तकातली उदाहरणं 25 अंशाची असतात, तिथे तो 24 मिलिमीटर, दुर्लक्ष केलं तरी खपतं. आमच्या एप्रिलमध्ये खपत नाही. म्हणजे हायड्रोजनचा स्वतःचा दाब 723 वजा 50, 673. या दाबाला 10.57 मिलिमोल म्हणजे 305 मिली. 298 भागिले 305, 97.7 टक्के. बाटलीवर शुद्धता लिहिलेली 97.

पोरगा एवढा खूश झाला की मामांसाठी आणि आम्हा सगळ्यांसाठी कँटीनमधून भजी आणली. मी मात्र जुन्या वहीतले मागच्या उन्हाळ्यातले आकडे काढून बसले. त्यात मी स्वतः वाफ धरली आहे, दाब मात्र पुस्तकातलाच. सगळी सारणी पुन्हा करायची.

19 एप्रिल

पुन्हा केली. एक जास्तीची भानगड सापडली. ही अभिक्रिया उष्णता सोडते, मोलमागे साधारण 217 किलोज्यूल. 0.1 ग्रॅमला ते पावणेसहाशे ज्यूल होतात, 20 मिली पाणी त्यानं सात अंशांपर्यंत चढू शकतं. आम्ही बाहेरच्या पाण्याचं तापमान लिहीत होतो. चंबूच्या आत तापमापी घातली तर मधल्या मिनिटाला साडेचार अंश जास्त. वेगाचे सगळे आकडे थोडे फुगलेले आहेत. यापुढे बोरोहायड्राइड निम्मं, पाणी दुप्पट.

26 एप्रिल

लोकसभेचं मतदान. केंद्रावर ड्यूटी. काम बंद.

6 मे

बोअर आटलं. कॉलेजला दोन दिवसाआड टँकर.

टँकर पाहून मला डिस्टिलेशनच्या भांड्याची लाज वाटली. ते चालू असताना कंडेन्सरमधून थंड पाणी सतत वाहतं आणि थेट नालीत जातं. किती, ते कुणी मोजलं नव्हतं. आज मामांनी बाहेरच्या नळीखाली बादली लावली. एक लिटर डिस्टिल्ड पाणी जमेपर्यंत पंधरा लिटरची एक बादली पूर्ण आणि दुसरी दोन-तृतीयांशाच्या वर भरली. साधारण 26 लिटर.

हिशोब जुळतो. एक किलो वाफेचं पाणी होताना 2257 किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. ती नेणारं पाणी तीस अंशांनी तापू दिलं तर 18 लिटर पुरतात. पण आमचं पाणी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येतं, मे महिन्यात ते मुळातच 40 अंशाला. साठच्या पुढं जाऊ दिलं तर कंडेन्सरमधून वाफ निसटते. वाव फक्त वीस अंशांचा, म्हणून 26-27 लिटर.

म्हणजे मार्चमधला तो 12 ग्रॅम कोळसा धुवायला गेलेलं 3 लिटर हे खरं तर 80 लिटरच्या आसपासचं पाणी होतं. गावाकडं एका घराला टँकरचं येतं त्याच्यातला केवढा वाटा. मी वहीत "पाणी शुद्धीकरण" असं शीर्षक घालून बसले आहे.

13 मे

मामांची युक्ती. गेल्या आठवड्यात मी फळ्यावर उष्णतेचा हिशोब मांडत असताना ते दारात उभे होते. म्हणाले, "कूलरमधी पाणी गार होतंय ना? मग ह्ये पाणी कूलरमधून फिरवा की." भंगारात पडलेला पत्र्याचा कूलर त्यांनी स्वतःच ओढत आणला. पंखा दुरुस्त, गवत नवं, पंप चालू.

आता कंडेन्सरमधून निघालेलं कोमट पाणी कूलरच्या गवतावर पडतं, खाली टाकीत जमतं, पंप ते पुन्हा कंडेन्सरला चढवतो. बाहेरची हवा 42 अंशाला पण कोरडी ठक्क, त्यामुळे टाकीतलं पाणी 27 अंशाच्या वर जात नाही. दिवसभरात 5 लिटर डिस्टिल्ड निघालं आणि टाकीत वरून साडेसहा लिटर भरावं लागलं. वाफ थंड व्हायला जेवढी उष्णता सोडते तेवढी घ्यायला दुसरीकडे जवळपास तेवढंच पाणी उडतं, त्यामुळे लिटरमागे एक लिटरच्या खाली हे जाणार नाही. 26 वरून 1.3 वर आलो.

दोष दोन. फिरून फिरून क्षार साठतात, गवतावर पांढरी खरपुडी धरते, आठवड्याला टाकी उपसावी लागेल. आणि पावसाळ्यात हवा दमट झाली की हे चालणार नाही. पण पावसाळ्यात गरजही कमी.

विभागाच्या बैठकीत दाखवलं. एक जण म्हणाले, यात रसायनशास्त्र कुठे आहे. मी उत्तर दिलं नाही.

21 मे

वाईट गोष्ट लिहायची आहे.

व्हरांड्यातल्या कुंडीतला कढीपत्ता वाळतोय. जुन्या पानांची टोकं आणि कडा आधी पिवळ्या, मग तपकिरी, कागद जळावा तशा. शेंड्याची पानं अजून हिरवी. मी सहज म्हटलं, "मामा, ऊन लागलं वाटतं याला."

"ऊन कशाचं, रोज पाणी घालतो की."

"कुठलं?"

"तुमचंच. गाळून ठेवता ना बाटलीत, साफ असतंय एकदम. वाया चाललं व्हतं, म्हणून झाडाला टाकलो."

प्रयोगानंतर उत्प्रेरक गाळून उरलेलं पाणी. दिसायला काचेसारखं, वासही नाही. बाटलीवर काहीच लिहिलेलं नव्हतं, आणि ती चूक मामांची नाही. मार्चपासून आम्ही ते "नंतर बघू" म्हणून बेसिनशेजारी ठेवत होतो.

त्यात काय आहे ते मांडते. हायड्रोजन सुटला की मागे सोडियम मेटाबोरेट राहतं. एप्रिलपर्यंतच्या प्रमाणात 0.1 ग्रॅम बोरोहायड्राइडमधलं 28 मिलिग्रॅम बोरॉन सगळंच्या सगळं त्या 20 मिली पाण्यात, म्हणजे लिटरला 1400 मिलिग्रॅमच्या वर. बोरॉन पिकाला लागतं, पण चिमटीभर. गरजेचं आणि घातक यांच्यातली फट फार अरुंद. जास्त झालं की ते जुन्या पानांच्या टोकाला साठतं आणि तिथूनच पान जळतं. चित्र जुळतंय. पण त्याच पाण्यात कॉस्टिक होतं, सोडियम होतं, तेही टोकं जाळतात. एका कुंडीवरून बोरॉनला दोषी ठरवणार नाही.

मामांना सांगितलं, तर पानं भाजीत घातलीत का हे विचारायच्या आधीच ते म्हणाले, "मी न्हाई नेलो घरी. कामून की पहिल्यापासूनच तुमच्या खोलीतलं काही खायचं न्हाई असं ठरवलोय."

22 मे

तीन कॅन आणले, वीस-वीस लिटरचे. क्रमांक 1 कोबाल्टचं धुणं, क्रमांक 2 आम्लं, क्रमांक 3 बोरेट. मराठीत, मोठ्या अक्षरात, लाल रंगानं. मामांनीच लिहिलं, त्यांचं अक्षर माझ्याहून चांगलं.

24 मे

गाळलेल्या पाण्यात कोबाल्ट जातो का? आजवर "जात नाही" असं धरून चाललो होतो, कारण द्रावण बिनरंगी दिसतं.

थोडं पाणी आम्लात घेऊन अमोनियम थायोसायनेट घातलं, वर ॲमाइल अल्कोहोल; कोबाल्ट असेल तर त्या वरच्या थरात निळा रंग उतरतो. आधी लालसर रंग आला: लोह, भट्टीच्या नाहीतर टँकरच्या कृपेनं. लोहाला गप्प बसवायला सोडियम फ्लोराइड घालतात. देगलूरकडची हसली, "मॅडम, घरी आम्ही फ्लोराइड काढायला बसलोय आणि इथं बाटलीतून घालायला." फ्लोराइडनं लोहाला धरून ठेवलं, लाल गेला, हलवून ठेवल्यावर वरच्या थराला निळी झाक. फिकट, पण निळीच. कोबाल्ट आहे.

तेच पाणी 0.45 मायक्रॉनच्या पडद्यातून गाळून पुन्हा केलं: निळं नाही. म्हणजे तो विरघळत नाहीये, बारीक कण साध्या गाळणकागदातून निसटत आहेत. हे सुधारता येण्यासारखं आहे. जुन्या स्पीकरचा चुंबक चंबूच्या तळाला धरून वरचं पाणी ओतलं तर बहुतेक काळं मागे राहतं. पडदे महाग आहेत, चुंबक फुकट.

12 जून

पाऊस सुरू. पहिल्या वासानंच अर्धा दिवस कुणी काम केलं नाही.

महिनाभर मनात घोळत असलेला प्रश्न आज करून पाहिला: हायड्रोजनसाठी डिस्टिल्ड पाणी लागतंच का? या अभिक्रियेत निघणाऱ्या हायड्रोजनपैकी निम्मा बोरोहायड्राइडमधून येतो, निम्मा पाण्यातून. पाणी इथे नुसतं विरघळवायला नाही, ते स्वतः इंधन आहे. मग ते बोअरचं का नको?

बोअरचं पाणी घेतलं, जड, चहावर साय धरणारं. कॉस्टिक टाकताच दुधासारखं. कॅल्शियमचं कार्बोनेट, मॅग्नेशियमचं हायड्रॉक्साइड. तसंच वापरलं तर पहिल्या फेरीला हायड्रोजन सुटून संपायला 11 मिनिटं, तोच उत्प्रेरक तिसऱ्यांदा वापरला तर 19. काळे कण करडे पडले होते. त्यांच्यावर पांढरा थर, भांड्याच्या बुडाला धरतो तसा. डिस्टिल्ड पाण्यात हेच काम 6 मिनिटं 10 सेकंदात होतं.

मग दुसऱ्या बाटलीत कॉस्टिक टाकून ते दोन तास निवळू दिलं. पांढरं खाली बसलं, वरचं नितळ ओतून घेतलं, त्यात बोरोहायड्राइड. 6 मिनिटं 50 सेकंद. तिसऱ्या फेरीलाही 7 च्या आत.

बोरोहायड्राइड साठवणीत टिकावं म्हणून कॉस्टिक तसंही घालावंच लागतं. ते आधी घातलं आणि दोन तास थांबलं की पाणी आपोआप मऊ होतं. एवढंच. आम्ही दीड वर्ष डिस्टिल्ड पाणी नुसत्या सवयीनं वापरत होतो.

19 जून

निधीच्या प्रस्तावाचा मसुदा. सुरुवातीला सगळे लिहितात ते मीही लिहिलं: राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान, जानेवारी 2023 ला मंत्रिमंडळाची मंजुरी, 19,744 कोटी, 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन हायड्रोजनची क्षमता. मग पेन थांबलं.

पाण्याचं विघटन करून एक किलो हायड्रोजन काढायला हिशोबानं नऊ किलो पाणी लागतं. 50 लाख टनाला साडेचार कोटी टन, म्हणजे 45 दलघमी (दशलक्ष घनमीटर). जायकवाडीचा उपयुक्त साठा 2171 दलघमी. दोन टक्क्यांच्या आसपास. आकडा ऐकून मलाच आश्चर्य वाटलं. देशाच्या हिशोबात हे पाणी काहीच नाही. शुद्ध करताना वाया जाणारं आणि थंड ठेवायला लागणारं धरलं तर बरंच वाढेल, तरीही. पण याच उन्हाळ्यात त्या धरणातला उपयुक्त साठा एक आकडी टक्क्यांवर उतरला होता. किती लागतं यापेक्षा कुठं आणि कुठल्या महिन्यात लागतं हे विचारायला हवं. प्रस्तावात हे कसं लिहायचं ते अजून सुचलेलं नाही.

आमच्या स्वतःच्या पदार्थाचाही हिशोब मांडला, कारण मुखेडच्यानं मसुद्यात "10.8 टक्के हायड्रोजन साठवणारा" असं ठोकून दिलं होतं. कागदावर खरं आहे: एक भाग बोरोहायड्राइड, पाण्याचे बरोबर दोन रेणू, आणि 10.8 टक्के. पण उरणारं मेटाबोरेट 25 अंशाला 100 ग्रॅम पाण्यात 28 ग्रॅमच विरघळतं. त्याहून जास्त झालं की खडे होऊन उत्प्रेरकावर बसतं आणि नळ्या तुंबतात. म्हणजे 100 ग्रॅम पाण्यात 16 ग्रॅमच्या वर बोरोहायड्राइड घालून उपयोग नाही. त्यातून 3.4 ग्रॅम हायड्रोजन. 116 ग्रॅमला 3.4, 2.9 टक्के. टाकीचं, नळ्यांचं वजन अजून धरलेलंच नाही. शिवाय मेटाबोरेटचं पुन्हा बोरोहायड्राइड करायला नेहमीच्या पद्धतीत धातुरूप सोडियम लागतं, म्हणजे वितळलेल्या मिठातून वीज. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं 2007 मध्येच गाड्यांसाठी हा मार्ग नको असा निर्णय दिला, तो याच कारणांनी.

मुखेडच्याचा चेहरा उतरला. "मग आपण हे कामून करायलोत मॅडम?"

प्रश्न रास्त आहे. गाडी चालवायला नाही. विजेशिवाय, सिलिंडरशिवाय, जागेवर थोडा हायड्रोजन हवा असेल तर, आणि त्याहून जास्त म्हणजे स्वस्त उत्प्रेरक किती फेऱ्या टिकतो हे घड्याळ लावून पाहायला ही अभिक्रिया चांगली आहे. प्लॅटिनम, रुथेनियम आमच्या कपाटात नाही. कोबाल्ट आणि तुराट्या आहेत. प्रस्तावात 2.9 हाच आकडा जाईल, असं त्याला सांगितलं. "नाकारतील ना," म्हणाला. नाकारू देत.

8 जुलै

देगलूरकडचीच्या गावी जाऊन पाण्याचे नमुने आणले. जिल्ह्याचा हा पूर्वेकडचा पट्टा ग्रॅनाइटचा. बाकी मराठवाड्यासारखा काळा बेसाल्ट इथं संपतो. ग्रॅनाइटमधल्या काही खनिजांत फ्लोराइड असतं, पाणी खोलवर वर्षानुवर्षं खडकाला टेकून राहिलं की त्यात उतरतं.

गावात दोन बोअर. देवळाजवळच्या पाण्याला "जड", शाळेमागच्या पाण्याला "गोडं". गोड्यात डाळ शिजते, साबणाला फेस येतो, सगळं गाव तेच पितं. मोजलं: जड 1.1, गोडं 2.6 मिलिग्रॅम लिटरला. भारतीय मानक 1 म्हणतं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत.

हे उलटं नाही. कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला धरून ठेवतं, दोघांचा क्षार पाण्यात फार कमी विरघळतो. ज्या पाण्यातून कॅल्शियम गेलंय आणि खाण्याच्या सोड्याचा भाग वाढलाय तिथं फ्लोराइड मोकळं राहतं. जिभेला जे चांगलं लागतं तेच दातांना वाईट. शाळेतल्या पोरांच्या पुढच्या दातांवर आडवे तपकिरी पट्टे आहेत. तिच्या धाकट्या भावाच्याही. ती काही बोलली नाही, मीही नाही.

तिच्या आजीनं विचारलं, उकळून प्यायलं तर चालेल का. नाही, आजी. उकळलं की पाणी उडतं, फ्लोराइड भांड्यातच राहतं, उलट दाट होतं.

30 जुलै

ॲल्युमिनियम बसवलेला कोळसा, गोडं पाणी, दोन तास हलवून: 2.6 वरून 0.4. देगलूरकडची उड्या मारायची बाकी. एका परिषदेला गोषवारा पाठवला.

9 ऑगस्ट

गोषवारा मागे घ्यावा लागणार.

आकडे स्पॅड्न्सच्या रंगानं काढले होते. झिर्कोनियम आणि रंगद्रव्याची लाल जोडी, फ्लोराइड झिर्कोनियमला पळवतं, रंग फिका पडतो. फिकेपणा किती त्यावरून फ्लोराइड किती. सोपं, स्वस्त. पण कोळशावरून थोडं ॲल्युमिनियम पाण्यात सुटत असेल तर? ॲल्युमिनियम फ्लोराइडला स्वतःच घट्ट धरून बसतं. मग झिर्कोनियमपर्यंत फ्लोराइड पोचत नाही, रंग फिका पडत नाही आणि पाणी स्वच्छ दिसतं. फ्लोराइड मात्र ग्लासातच असतं, दुसऱ्याचा हात धरून.

शंका तिलाच आली, हे लिहून ठेवते. धुतलेल्या कोळशाचं नुसतं पाणी तिनं तपासलं, त्यात ॲल्युमिनियम निघालं.

फ्लोराइड थेट मोजणारं विद्युताग्र (इलेक्ट्रोड) उसनं आणलं. त्याच्या टोकाला लँथॅनम फ्लोराइडचा स्फटिक. नमुन्यात निम्मं बफर घातलं, ते पीएच साडेपाचच्या जवळ ठेवतं आणि ॲल्युमिनियमच्या तावडीतून फ्लोराइड सोडवतं. मग वाचन: 1.3.

0.4 नाही, 1.3. तरी निम्म्यावर आलं आहे, पण कोळसा ॲल्युमिनियम सोडतोय तोवर हे पाणी कुणाला प्यायला देणार नाही. परिषदेच्या लोकांना पत्र लिहिलं. उत्तर आलं, कार्यक्रमपत्रिका छापून झाली आहे, तसंच सादर करा, नंतर दुरुस्त करा. आम्ही जाणार नाही. ती संध्याकाळी उशिरापर्यंत बसून कोळसा नव्यानं धूत होती, यावेळी 600 अंशाला भाजलेला आणि ॲल्युमिनियम निम्मं.

2 सप्टेंबर

पोळा. कालपासून पाऊस कोसळतोय, नांदेड-परभणी-हिंगोली सगळीकडे ओढे नाले फुटले. मुखेडच्याचा फोन लागत नाही.

3 सप्टेंबर

लागला. माणसं, बैल ठीक. तूर पाण्यात उभी आहे. तुराट्यांचं विचारायचं धाडस झालं नाही, त्यानंच सांगितलं, पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या आणाव्या लागतील.

6 सप्टेंबर

कूलर बंद, अपेक्षेप्रमाणे. टाकीतलं पाणी हवेएवढंच कोमट राहतं. पण मामांनी गच्चीच्या पन्हाळीखाली धुतलेलं पिंप लावून ठेवलं होतं, पहिल्या दिवसाचं पाणी सोडून देऊन. विद्युतवाहकता (क्षार जितके जास्त तितकी जास्त) 24 मायक्रोसीमेन्स. टँकरच्या पाण्याची 1400 होती. कोळसा धुवायला हे सहज चालेल. सातव्या घाण्याचा 12 ग्रॅम कोळसा धुतला: पावसाचं 3 लिटर, शेवटचा एकच हात डिस्टिल्डचा, 200 मिली. पीएच 7.5.

कॅन क्रमांक 3 मधलं पाणी मे-जूनमध्ये परातीत घालून उन्हात आटवलं होतं, त्याचे पांढरे खडे आज तोलले, 61 ग्रॅम. आम्ल टाकलं की फसफसतात, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं मेटाबोरेटचा काही भाग टाकणखार आणि सोडा करून टाकलाय. मामा म्हणाले, टाकणखार म्हणजे सोनाराला लागतो, देऊन टाकू. कोबाल्ट पूर्ण निघाल्याची खात्री होईपर्यंत नाही. खडे बाटलीत, तारीख, वजन, "कोबाल्ट तपासणी बाकी".

कॅनमध्ये नवं सहा लिटर जमलं आहे. आता ऊन नाही, आटणार नाही. दिवाळीनंतर. उद्या गणपती, चार दिवस सुट्टी; मामांनी कॅन खिडकीपासून आत सरकवून झाकण घट्ट केलं आणि वर दोरी बांधली.